अहो, कुठपर्यंत आलात?

बदलापुरात राहून मुंबईत नोकरी करणारा माणूस रोज बारा-तेरा तास घराबाहेर असतो. पूर्वी त्यातल्या आठ-नऊ तासांचा हिशेब साहेबाला द्यावा लागे. उरलेल्या वेळाचा हिशेब कोणी मागत नसे, कारण मागून उपयोग नव्हता. सीएसएमटी ते बदलापूर हे ६८ किलोमीटर मध्य रेल्वेच्या हद्दीत येत. तिथे बायकोचा कायदा चालत नसे. फोन यायचा, नाही असं नाही. "अहो, कुठपर्यंत आलात?" यावर मुलुंडला दाराशी चेंगरलेला माणूस शांतपणे सांगायचा, "हा काय, डोंबिवली गेली."

याला खोटं म्हणणं अन्याय होईल. तो एक विनिमयाचा दर होता आणि घरोघर पाठ असे. 'डोंबिवली गेली' म्हणजे ठाणं अजून यायचंय. 'अंबरनाथ सोडलं' म्हणजे गाडी कल्याणला उभी आहे. 'जिना चढतोय' म्हणजे माणूस स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर आहे आणि तोंडात मिरची आहे. नवरा सांगेल त्यातून तीन स्टेशनं वजा करायची आणि भात लावायचा. भात कधी गार झाल्याचं मला आठवत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आलं आणि हा दर बाद झाला. नोटाबंदीला तेव्हा वर्ष होत आलं होतं, त्यामुळे चलन रातोरात रद्दी होण्याची लोकांना सवय होती. तरी आमच्या सोसायटीतल्या नवरे मंडळींना हे जडच गेलं. आमची सोसायटी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. चार मजली, नदीच्या अंगाची, लिफ्ट फक्त ब्रोशरमध्ये.

लोकेशन किती वेळ दाखवायचं याच्या तिथे तीनच मुदती आहेत: १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास. हे आकडे ज्याने ठरवले तो कामावर चालत जात असावा. १५ मिनिटांत हेंद्रेपाड्याचा माणूस शेअर रिक्षात तिसऱ्या पॅसेंजरची वाट बघत असतो. १ तासात जेमतेम ठाणं येतं. आणि सकाळी सातला ८ तासांचं बटण दाबून निघालं तर दुपारी तीनला ते संपतं. म्हणजे माणूस ऑफिसात खुर्चीला चिकटलेला असतो तोवर घरच्यांना लख्ख दिसतो आणि संध्याकाळी जेव्हा तो खरोखर इकडेतिकडे होण्याची शक्यता सुरू होते, तेव्हा अंतर्धान पावतो. सोसायटीतल्या पुरुषांनी या मुदतीचं मनापासून स्वागत केलं होतं.

हा आनंद गूगल मॅप्सने टिकू दिला नाही. त्यांच्याकडे 'बंद करेपर्यंत' अशी मुदत आहे, म्हणजे साधारण लग्नासारखी. शिवाय तिथे माणसाच्या ठिपक्याबरोबर त्याच्या फोनची बॅटरी किती टक्के उरली आहे तेही दिसतं. ही सोय कोणाच्या डोक्यातून निघाली असेल याचा मी लोकलमध्ये उभ्याउभ्या पुष्कळ विचार केला आहे. 'बॅटरी संपली होती गं' हे वाक्य मराठी पुरुषाने किती जपून, किती मोजक्या प्रसंगी वापरलं होतं! आता मित्रांबरोबर बसलेलो असताना तिसऱ्यांदा रिंग वाजते आणि पाठोपाठ मेसेज येतो: 'चौसष्ट टक्के आहे. उचला.'

ही आता स्वयंपाकही ठिपका बघून करते. हिच्या घरीच शिकवण्या असतात, शेवटची बॅच साडेसातला सुटते आणि मग ओट्यावर, डब्यांना टेकवून, फोन उभा राहतो. दिवा गेलं की कुकर. कल्याण गेलं की आमटीला फोडणी. अंबरनाथ सुटलं की तवा. कल्याणहून बदलापूर वीसेक मिनिटं, पुढे रिक्षा, तेवढ्यात चार माणसांच्या पोळ्या होतात असं गणित आहे आणि ते बरोबर आहे. अडचण येते अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. तिथे लोकल कधीकधी उभी राहते. का, ते गार्डलाही माहीत नसावं. पूर्वी अशा वेळी आम्ही डब्यातले सगळे मिळून रेल्वेला शिव्या द्यायचो आणि बरं वाटायचं. आता फोन येतो, "अहो, हलत का नाही तुम्ही? पहिली पोळी टम्म फुगून खाली बसलीसुद्धा!" जणू मोटरमन मीच आहे.

त्यात मध्य रेल्वेच्या 'यात्री' अ‍ॅपवर लोकलही नकाशावर सरकताना दिसायला लागली. 'गाडी लेट आहे' ही शेवटची गढी होती, तीही पडली. माझ्या घरी आता दोन फोन शेजारी ठेवलेले असतात. एकावर गाडी, एकावर मी. दोघे एकाच जागी असलो तर ठीक. गाडी बदलापूरला पोचली आणि मी कल्याणलाच असलो तर लेखी खुलासा.

एक दिलासा मात्र आहे. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. उघड्या आभाळाखाली चार-पाच मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतात म्हणे, पण माणूस पत्र्याच्या डब्यात किंवा इमारतींच्या बेचक्यात शिरला की फोन मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधायला लागतो आणि ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ पसरतं. बदलापूर स्टेशनबाहेर त्या वर्तुळात रिक्षाची रांगही येते आणि भज्यांची गाडीही. कोण कशात उभा आहे, हे नकाशाला ओळखता येत नाही. घरी गेल्यावर ओळखता येतं, पण ते तंत्र वेगळं आहे आणि त्याला नाक पुरतं.

आमच्या बाबांचा डीपी विठोबाचा आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या नकाशावर बाबा दिसत नाहीत, कमरेवर हात ठेवून विठोबा दिसतो. बाबा पेन्शनच्या कामाला कल्याणला गेले की घरात असे संवाद होतात:

"विठोबा कुठाय?"

"उल्हासनगरला. उभाच आहे."

"सीट मिळाली नसेल."

याहून मोठी करमणूक तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी केली. भाऊ रात्री कर्जत लोकलने येतात आणि कल्याणनंतर बसायला मिळालं की झोपतात. एका रात्री त्यांचा ठिपका बदलापूर स्टेशनात आला, नियमाप्रमाणे थांबला आणि पुढे निघाला. वहिनी जिन्यात येऊन "अहो, हे चालले बघा!" असं ओरडल्या. त्या आवाजाने अर्धी सोसायटी जमली. फोन सायलेंटवर. मग कुणीतरी क्रिकेटच्या सुरात धावतं समालोचन सुरू केलं. वांगणी गेलं. शेलू आलं. शेलू गेलं. नेरळला ठिपका खाली उतरला, माथेरानचा गार वारा लागला असावा. दोन मिनिटं तो प्लॅटफॉर्मवर नुसता इकडेतिकडे झाला आणि मग भाऊंनी आपणहून फोन केला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला. भाऊ म्हणाले, "अगं, ऑफिसातच उशीर झाला. आत्ता कुठे कल्याण येतंय."

वहिनी म्हणाल्या, "नेरळहून?"

फोनवर एक्स्प्रेस गाडी धडधडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. भाऊ अजूनही म्हणतात की नेरळला त्यांचं काम होतं.

आता, याआधी हेंद्रेपाड्यात लोकेशन नव्हतं असं कुणी समजू नये. तळमजल्यावरच्या काकू होत्या आणि आहेत. त्यांची खिडकी गेटच्या बरोबर समोर. पाव आणायला उतरलेलं पोरही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. ठिपका फार तर तुम्ही कुठे आहात ते सांगतो. काकू तुम्ही कोणाबरोबर होतात, हातात काय होतं, गेलात तेव्हा तोंड कसं होतं आणि आलात तेव्हा कसं होतं, हे सांगतात. त्यांना रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही, चहा लागतो. घरच्यांना खरं तर हीच माहिती हवी असते. ती ठिपक्यातून मिळत नाही, म्हणूनच ठिपका आल्यापासून फोन कमी झालेले नाहीत, वाढलेत. पूर्वी दिवसातून एकदा 'कुठे आहात?' यायचा. आता 'दादरला आहात ते दिसतंय, पण दादरला का आहात?' असा येतो.

जुलै लागला की मात्र माणसांचे ठिपके बाजूला पडतात आणि आमच्याकडे सगळे नदीचं लोकेशन विचारतात. सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद होतात, मीटर सुरू होतात. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५०. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. साडेसोळा झालं की स्कूटर आणि गाड्या उंचावर नेऊन लावायच्या, तळमजल्यावरचे फ्रिज पलंगांवर चढवायचे आणि काकूंनी लोणच्याच्या बरण्यांसह आमच्याकडे राहायला यायचं. २००५, २०१९, २०२१. हेंद्रेपाड्यात पाणी शिरल्याची वर्षं लोक घरातल्या बारशांसारखी सांगतात. अशा दिवसांत नकाशाने थोडी जबाबदारीने वागावं. पण मी एकदा गॅलरीत उभा असताना फोनने त्याच्या अंदाजाने मला नदीच्या मध्यभागी नेऊन ठेवलं आणि पुण्याहून बहिणीचा रडवेला फोन आला, "दादा, तू नदीत काय करतोयस?" मी म्हटलं, "कपडे वाळत घालतोय." तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

कुठे आहे ते कळलं म्हणजे माणूस हाताला लागला, असं समजण्याची खोड या यंत्रांनी आपल्याला लावली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुरात अडकली. हजारावर प्रवासी आत. गाडी नेमकी कुठे उभी आहे हे टीव्हीवर साऱ्या देशाला दिसत होतं, आम्ही तर हाकेच्या अंतरावर होतो. तरी बोटी आणि हेलिकॉप्टरं आणून सगळी माणसं सुखरूप बाहेर काढेपर्यंत दुपार झाली.

आणि ऑगस्ट २०२४. बदलापुरातल्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला, त्यानंतर २० तारखेला लोक रुळांवर उतरले, लोकल कित्येक तास बंद राहिल्या. पुढे आमच्या गल्लीत चिमुकल्या मनगटांवर जीपीएसची घड्याळं आली. व्हॅनचा ठिपका बघत आया गॅलरीत उभ्या राहायला लागल्या, अजून राहतात. त्यांना मी हसणार नाही. त्या मुली शाळेतच होत्या. ठिपक्याने जागा अगदी बरोबर दाखवली असती, हे मात्र मनातून जात नाही.

थोडी मोठी झालेली मुलं या ठिपक्याचं काय करतात तो वेगळा विषय. आमचा चिरंजीव बारावीला असताना अभ्यासिकेत जाई. एका पावसाळी रविवारी त्याचा ठिपका अभ्यासिकेवर चार तास हलला नाही. हिला कौतुक वाटलं. मला संशय आला, कारण आमचा मुलगा चार तास एका जागी बसू शकत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. फोन अभ्यासिकेत चार्जिंगला होता आणि साहेब मित्राच्या मोटरसायकलवर कोंडेश्वरच्या धबधब्याला, जिथे जायला पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघतात. हा शोध कुठल्या उपग्रहाने लावला नाही. काकू म्हणाल्या, "अभ्यासिका गळते का हो? बूट चिखलाने भरले होते." त्या दिवशी घरात जे झालं त्यात मी विशेष बोललो नाही, कारण मला माझी बॅटरी आठवत होती.

चार्जिंगला लावलेल्या फोनने खरा घोळ घातला तो बाबांच्या वारीत. बाबा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघाले. हिने त्यांना 'बंद करेपर्यंत' करून दिलं होतं आणि गूगलवरही विठोबाचा तोच फोटो लावला होता. आमची संध्याकाळ मोठी छान जाई. जेवणं झाली की सगळे हॉलमध्ये बसायचे, मुलगा नकाशा टीव्हीवर लावायचा. सासवडला विठोबा, जेजुरीला विठोबा, मग वाल्हे. वाल्ह्याहून पालखी नीरा ओलांडून लोणंदला जाते, वाटेत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान असतं. त्या सकाळी पालखी निघाल्याचं टीव्हीवर दाखवलं. विठोबा निघाला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले, विठोबा वाल्ह्यातच. मुलाने उपग्रहाचं चित्र मोठं केलं तर विठोबा पत्र्याच्या एका छपरावर. "चक्कर आली असेल," ही म्हणाली. "कुणीतरी आडोशाला बसवलं असेल." पुण्याच्या बहिणीला फोन गेला, तिने देव पाण्यात ठेवले. बाबा फोन उचलत नाहीत. दिंडीचालकांचा लागत नाही. मी ऑफिसातून निघून वाल्ह्याला कसं पोचता येईल ते बघायला लागलो. शेवटी बाबांचा फोन कुणीतरी उचलला. "हां, आजोबांचा फोन माझ्यापाशी हाय. पंक्चरचं दुकान हाय आपलं. रातच्याला चार्जिंगला लावून गेलं, सकाळी इसरलं. फुल्ल झालाय बघा."

दुपारी दिंडीतल्या एका माउलींच्या फोनवरून बाबा सापडले. मागे टाळ वाजत होते आणि बाबांच्या तोंडात भाकरी असावी. मी विचारलं, "बाबा, तुम्ही आहात कुठे?"

"कुठे म्हणजे? वारीत."

एवढं बोलून त्यांनी फोन ज्याचा त्याला दिला. त्यांचा स्वतःचा फोन त्या पंक्चरवाल्याने मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर चढवून दिला. तो प्रवास मात्र आम्ही पूर्ण पाहिला. विठोबा ताशी चाळीसच्या वेगाने पालखी गाठायला निघाला होता.

बहिणीची मुलगी न्यू जर्सीत असते, तिचाही ठिपका आमच्या खानदानाकडे आहे. उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे अकरा झालेले असतात. त्यामुळे इकडे चहाबरोबर तिची चौकशी बसते: "ही अजून घरी नाही आली?" मुलगी हुशार निघाली. तिने सगळ्यांना कळवलं की नव्या फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. अमेरिकेतल्या फोनचा बिघाड इथून कोण तपासणार?

हे सगळे ठिपके ज्या फोनवर जमतात तो हिचा. मी, मुलगा, बाबा, पुण्याची नणंद, पोळी कोणाची कधी टाकायची ते त्यावर ठरतं. हिचा ठिपका मात्र आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. मागायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ही घरी असते, हे आम्ही घराच्या पत्त्यासारखं धरून चाललो होतो.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी लवकर सुटलो. मुलगा कॉलेजातून आला, बाबा देवळातून आले आणि दाराला कुलूप. तिघे जिन्यात. फोन केला तर आतून वाजला, फ्रिजवरून, जिथे तो चार्जिंगला होता. "शिकवणीला सुट्टी दिली असेल," मुलगा म्हणाला. "मग कुठे जाईल ती?" बाबा म्हणाले. हा प्रश्न इतका नवा होता की तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाजारात? मैत्रिणीकडे? हिच्या मैत्रिणी कोण, यावर आमच्यात पाच मिनिटं चर्चा झाली आणि दोन नावांच्या पुढे गाडी गेली नाही.

खाली काकू खिडकीतच होत्या. "पुलाकडे गेल्यात, पाणी बघायला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आहेत बरोबर. नवी छत्री घेतलीय. रोजच जातात की दोघी, बॅच सुटली की. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. दिवा गेलं की कुकर लागत होता हे खरं, पण त्याआधी पुलावर एक फेरी होत होती आणि ठिपका पाहून तिच्या परतण्याची वेळ ठरत होती. म्हणजे माझ्या ठिपक्याचा उपयोग मी समजत होतो त्याहून चांगला चालला होता.

ही आली, हातात भाजलेली कणसं. बाबांनी फक्त "चौकशी करत होतो" असं म्हटलं. जेवायच्या आधी मुलगा हिच्याजवळ गेला, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि म्हणाला, "आई, तूही शेअर कर ना. आम्हाला काळजी वाटते." हिने चष्मा लावला. तिन्ही मुदती नीट वाचल्या. मग १५ मिनिटांवर बोट ठेवलं, फोन डब्यांना टेकवून उभा केला आणि तवा चढवला.

"घ्या," म्हणाली, "बघा बसून."